गाल तक्त्यात नव्हता: साताऱ्यातल्या एका घराचं प्रकरण

पहिलीतली मुलगी, वय सव्वासहा. इथे तिला मनू म्हणू. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. आई तिला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली ती एका वाक्याची तक्रार घेऊन: "पाहुण्यांना चावते."

घडलं होतं ते असं. आत्याच्या बाळाचं बारसं होतं. एका चुलत आजोबांनी मनूला ओढून मांडीवर घेतलं आणि गालाचा मुका घेतला. ती सुटायला धडपडली तशी त्यांनी हसत हसत आणखी आवळली. तिने त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं नाही, पण दातांचे वळ उठले. चार माणसांत शोभा झाली. आईने तिथल्या तिथे पाठीत धपाटा घातला आणि "सॉरी म्हण, आजोबांना पापी दे" म्हणून तिला पुन्हा त्यांच्याच पुढ्यात उभं केलं. तिने पापी दिली. मग मोरीत जाऊन तोंड धूत बसली, बराच वेळ.

हे शेवटचं आईने जाता जाता सांगितलं. माझ्या टिपणात मी त्याच वाक्याखाली रेघ मारली.

घर

राहायला गोडोलीच्या बाजूला, दोन खोल्या आणि पुढे पॅसेज. वडील एमआयडीसीत शिफ्टवर, आई पतसंस्थेत. मनूच्या पाठीवर तीन वर्षांचा भाऊ. आजी-आबा कोरेगाव तालुक्यातल्या गावी, दोन म्हशी आणि थोडी बागायत. भावकीतली निम्मी घरं मुंबईला, एक काका माथाडीत. म्हणजे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सापडेल असं घर. चैत्रात यात्रा आली की ही सगळी मंडळी रात्रीच्या गाडीने निघून पहाटे पाचला दारात उतरतात. वर्षभराची माया दोन दिवसांत उरकायची असते, त्यामुळे पोरं या हातातून त्या हातात फिरतात. मुंबईचे काका तर मनूला झोपेतूनच उचलायचे. दाढी गालाला घासून "उठा महाराणी" म्हणायचे. सगळे हसायचे. ती रडली की आणखी हसायचे.

गेलं वर्षभर ती पाहुण्यांची चाहूल लागली की बाथरूममध्ये जाऊन कडी लावत होती. घरात तिची नावं पडली होती: शिष्ट, माणूसघाणी, 'शहराचं वारं लागलंय'. आईला याचा त्रास मुलीपेक्षा जास्त होत होता आणि त्यात नवल नाही. सासरच्या चार माणसांत मूल कसं वागतं यावर मुलाचं नव्हे, सुनेचं वळण तपासलं जातं.

आधी काय तपासलं

मूल स्पर्श टाळू लागलं की पहिला प्रश्न एकच: कुणी काही केलं आहे का? महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या देशव्यापी पाहणीत निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं होतं, आणि छळ करणाऱ्यांत निम्मे लोक ओळखीचे किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे असेच होते. त्यामुळे 'घरचीच माणसं आहेत हो सगळी' या वाक्याने मी कधी निश्चिंत होत नाही.

मनूशी एकटीशी बोलले. चित्र काढता काढता. "पाहुणे आले की काय काय होतं, सांग ना मला," एवढंच. "काकांनी कुठे हात लावला का?" असा प्रश्न मुलाला कधी विचारू नये, लहान मूल मोठ्यांना हवं ते उत्तर द्यायला तयार असतं आणि पुढे खरंच काही निघालं तर ते बोलणं कुचकामी ठरतं. एकच गोष्ट दहा जणांनी दहा वेळा विचारणं तर त्याहून वाईट. आईकडून वेगळं विचारून घेतलं: अंथरूण ओलं करते का, लघवीला दुखतं म्हणते का, वयाला न शोभणारं काही बोलते-खेळते का, कुणी एकटंच तिला खाऊ-खेळणी देतं का, एखाद्याच माणसाला किंवा जागेला घाबरते का. यातलं काही नव्हतं. ती कुणा एकाला टाळत नव्हती. ओढणाऱ्या सगळ्यांना टाळत होती. तेच चुलत आजोबा ओसरीवर पत्ते पिसत बसले की ती त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. आत्याच्या मिश्रीच्या वासाची तिला किळस होती, आजीच्या कुशीची नव्हती.

काही निघालं असतं तर पुढचा रस्ता ठरलेला होता. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे नुसती शंका आली तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं बंधनकारक आहे, मला आणि घरच्यांनाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाईनला फोन करता येतो. हे मी आईला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं. घाबरवायला नाही. ऐन वेळी 'घरची अब्रू' मध्ये आली की माणसांना काही सुचत नाही, म्हणून.

मग स्वभाव. मऊ कपडेच हवेत, नखं कापताना किंचाळते, चिखलाला हात लावत नाही, असं काही नव्हतं. म्हणजे सगळ्याच स्पर्शांचा त्रास होणारं मूल हे नव्हे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या स्वभावाचा दीर्घ अभ्यास केला. त्यात सुमारे १५ टक्के मुलं नव्या माणसांत हळूहळू रुळणारी निघाली. मनू त्यांतली. शाळेत पहिला महिना बाईंच्या टेबलाला धरून होती, आता वर्गात तिचाच आवाज मोठा.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ती चित्र रंगवताना म्हणाली. शाळेत 'गुड टच, बॅड टच' झालं होतं. भिंतीवर तक्ता, त्यावर चार ठिकाणी लाल फुल्या. मी विचारलं, "आजोबांनी गालाला पापी घेतली तेव्हा तू नको म्हणालीस का?"

"गालाला नाही म्हणता येत नाही. गाल तक्त्यात नाहीये."

म्हणजे शिकवलेलं तिने नीट लक्षात ठेवलं होतं. चार जागा तिच्या, बाकी अंग पाहुण्यांचं. तो तक्ता चुकीचा नाही, त्या चार जागा मुलांना कळायलाच हव्यात. पण रोजच्या आयुष्यात मुलाला नकोसा स्पर्श होतो तो बहुतेक वेळा फुल्या नसलेल्या जागी. तिथे त्याचं 'नको' दहा वेळा हसण्यावारी गेलं, तर फुलीच्या जागी ते तोंडातून फुटेल ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

बास म्हटलं की बास

आईची अपेक्षा होती की मी मनूला 'ठामपणे नाही म्हणायला' शिकवावं. मी वडिलांना बोलावून घेतलं. ते आले सेकंड शिफ्टच्या आधी, गणवेशातच. "आमचं दोघांचं लई जमतं," म्हणाले, आणि मागितला नसताना पुरावा दिला: मनूला कोचावर पाडून गुदगुल्या. ती खदाखदा हसत होती. हसता हसता "बास पप्पा, बास" म्हणाली, दोन-तीनदा. पाय झाडले. ते थांबले ते त्यांना वाटलं तेव्हा.

"ती बास म्हणत होती," मी म्हटलं.

"अहो, हसत होती की!"

गुदगुल्यांचं हसू आपोआप येतं. आनंद असो वा नसो, येतंच. मूल हसतंय म्हणून त्याला हवंय असं धरून चाललं की त्याच्या तोंडचा शब्द खोटा ठरतो, आणि तोही घरातल्या सगळ्यात लाडक्या माणसाकडून. मनू चावली का, याचं उत्तर मला त्या कोचावर मिळालं. शब्दाने काम होत नाही हे ती शिकून बसली होती. दाताने लगेच झालं होतं.

म्हणून काम वडिलांपासून सुरू केलं. नियम साधा. तिने बास म्हटलं, हसत म्हटलं तरी, की दोन्ही हात वर. पुन्हा हवं असेल तर ती सांगेल. पहिले दोन दिवस तिने त्यांची परीक्षाच पाहिली: बास, परत, बास, परत. ते वैतागले, पण हात वर करत राहिले. पुढच्या आठवड्यात आई म्हणाली, आता तीच त्यांच्या अंगावर जाऊन पडते.

पाहुण्यांशी काय करायचं हे त्यानंतर. माझं मत इथे स्पष्ट आहे आणि काही पालकांना ते जुनाट वाटतं: आलेल्या माणसाची दखल घेणं मुलाच्या मर्जीवर सोडायचं नाही. आजोबा दारात आले आणि पोरगी मोबाईलमधून मान वर काढत नाही, हा काही तिचा अधिकार नव्हे. मात्र दखल कशी घ्यायची ते तिने ठरवायचं. नमस्कार, टाळी, 'कधी निघालात?' असं विचारणं, काहीही. मनूने स्वतः निवडलं ते पाणी. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या-भांडं पुढे येतं. ते ती नेणार. यातली खुबी तिला कळली होती की नाही कोण जाणे, पण भरला तांब्या धरलेल्या पोराला कुणी उचलून घेत नाही. वर 'किती गुणाची' हेही ऐकायला मिळतं.

बोलायचं कुणी

सहा वर्षांच्या मुलीने साठीच्या माणसाला 'मला नको' म्हणायचं, आणि ते ऐकून सगळ्यांनी गप्प बसायचं, हे आपल्या घरांत होत नाही. तिच्या बाजूने मोठ्या माणसाने बोलावं लागतं, तिच्यादेखत, आणि ज्याचे पाहुणे त्याने. सून सासऱ्याच्या भावाला हे सांगू शकत नाही. मुलगा सांगू शकतो. वाक्य ठरवून दिलं: "मनू पाणी देते, नमस्कार करते. पापी नको असते तिला." एवढंच, हसून. 'लाजते हो', 'आज जरा बरं नाही' असल्या सबबी नकोत. त्यातून मुलाला कळतं की खरं कारण सांगण्यासारखं नाही. 'पापी दे मग कंदी पेढा' हेही बंद. खाऊच्या बदल्यात अंगाशी येऊ देणं ही सवय कुणी वाईट माणूस लावायला येतो तेव्हा ती आधीच लागलेली असते. आणि 'आजी रडेल हं' तर अजिबात नको.

आजीचं काय होईल याची आईला धास्ती होती. आजी डोळे तपासायला साताऱ्यात आल्या तेव्हा त्यांनाही बोलावलं. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "आमच्यात असलं काय नव्हतं. पोरं समद्यांच्या मांडीवर वाढली, कुणाला काय झालं न्हाई." मी वाद घातला नाही. मनू कशी रुळते, तेवढं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नवी म्हस आणली की आमी आठ दिस लांबनंच पेंड दावतो. वास घिऊ द्यायचा, मग हात. एकदम कासंला गेलं तर लाथ बसती. हिचं बी तसंच हाय म्हना की."

मी यापेक्षा चांगलं समजावू शकले नसते. पुढे गावाकडे वकिली त्यांनीच केली: "पोरगी बुजतीया अजून. आधी बोला तिच्याशी, वढू नका."

मग उलटं झालं

'माझं अंग माझं' हे मनूला इतकं आवडलं की ते सगळीकडे लागू झालं. डोक्यात उवा झाल्या. आई फणी घेऊन बसली तर "माझं डोकं आहे, मी नाही म्हणते." दात किडला होता, डॉक्टरांपुढे तोंड उघडेना. आईचा फोन आला तो रडवेला होता: "मॅडम, हे काय शिकवलंत?"

हे बहुतेक घरांत होतं आणि बहुतेक घरं इथेच सोडून देतात. उत्तर अवघड नाही. आरोग्य, स्वच्छता, रस्ता ओलांडताना हात धरणं, यांत 'करायचं की नाही' हा प्रश्न मुलापुढे नाहीच, मग तो विचारायचाही नाही. "उवा काढू का?" असं विचारून नकार आल्यावर जबरदस्ती केली तर तिचं नाही पुन्हा खोटं पडतं. "उवा आज निघणार. आईने काढायच्या की आजीने? आधी जेवण की आधी फणी? ओढलं गेलं तर हात वर कर, मी थांबते." तिने आजी निवडली आणि मध्ये भरपूर वेळा हात वर केला. दाताच्या डॉक्टरांना आईने आधी सांगून ठेवलं. त्यांनी आरसा तिच्या हातात दिला, काय करणार ते एकेक करून सांगितलं. आई खोलीतच होती. तपासणीत आई किंवा बाबा सोबत असणारच, हेही तिला तेव्हाच सांगून झालं.

दुसरी अडचण मला जास्त उपयोगाची ठरली. आत्याचं बाळ आता आठ महिन्यांचं. मनू त्याला दिसेल तेव्हा कवटाळायची, गाल ओढायची, अगदी चुलत आजोबांसारखी. आईने तिला बाळाजवळ बसवून विचारलं, "त्याला हवंय हे तुला कसं कळलं?" बाळ बोलत नाही. पण मान फिरवतं, पाठ ताठ करतं, मुठी आवळतं. हे ती पाहायला शिकली. दोन दिवसांनी आत्यालाच म्हणाली, "त्याने मान फिरवली, आता बास." आत्याला ते आवडलं नाही.

यात्रा

मुंबईच्या काकांना वडिलांनी निघायच्या आधीच फोन केला. पहाटे दारात सांगण्यापेक्षा ते बरं. काका आले, मनू झोपलेली होती, तिला कुणी उठवलं नाही. सकाळी तिने पाणी दिलं. काकांनी ते घेतलं आणि भर ओसरीत म्हणाले, "आता पोरींना जवळ घ्यायलाबी परवानगी काढायची का रं? आमच्यावर संशय हाय का तुमचा?"

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो पोकळ नसतो. चाळीस वर्षं ज्या घरात पोरं अंगाखांद्यावर खेळवली तिथे अचानक हात मागे घ्यायला सांगितल्यावर माणूस दुखावणारच. अशा वेळी 'हल्ली काळ वाईट आहे' हे उत्तर सगळ्यात घातक, कारण त्याचा अर्थ तोच होतो जो त्याला वाटतोय. वडील म्हणाले, "दादा, मलाबी थांबवती ती. बास म्हणली की माझंबी हात वर. घरात समद्यांना एकच नियम." काम वडिलांपासून सुरू करण्याचा फायदा इथे झाला. नियम आई-बापालाही लागू असेल तरच पाहुण्याला तो आरोप वाटत नाही.

काकांना पटलं का? पूर्ण नाही. रात्री छबिना निघाला तेव्हा गर्दीत पालखी दिसेना, तशी मनूने त्यांच्याच शर्टाला हात लावला: "काका, वर घ्या." त्यांनी खांद्यावर घेतलं. हलगी अगदी जवळ आली तशी म्हणाली, "बास, खाली." त्यांनी ठेवलं खाली. दुसऱ्या दिवशी मात्र आत्यापाशी कुरकुर केलीच, की सुनेने पोरीला लई शेफारून ठेवलंय. चावा घेतलेले चुलत आजोबा पत्त्यांच्या डावात मनूला जोडीदार घेतात. पापीचा विषय दोघांनीही काढलेला नाही.

धाकटा

मनूची फाईल बंद करताना आईला अजून एक गोष्ट सांगायची होती: गुपित आणि सरप्राईज यातला फरक. वाढदिवसाची भेट लपवली तर ती चार दिवसांत सगळ्यांना कळणार असते. 'आईला सांगू नको' असं जे कायमचं लपवायला सांगितलं जातं, ते आईला सांगायचंच. ते तिने लिहून घेतलं. मग उठता उठता म्हणाली, "धाकट्याचं काही नाही ना? पोरगा आहे, त्याला काय होतंय."

धाकट्याला अजूनही सगळे ओढतात. अंघोळ करून उघडा पळाला की 'कावळा नेईल हं' म्हणत त्याची थट्टा होते, कधी हातही लागतो, आणि ती गंमत समजली जाते. ज्या पाहणीचा आकडा वर दिला त्यातच छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये ५२.९४ टक्के मुलगे होते. आईने तो आकडा ऐकला आणि पुन्हा खाली बसली.

तर त्याच्यासाठीही तेच, वयाला धरून. अंघोळ झाली की टॉवेल, कपडे आत. थट्टा बंद, कुणाचीही असो. तीन वर्षांचा आहे, 'नको' त्याला छान म्हणता येतं, दिवसभर तेच म्हणतो. आजी राजी आहेत. थट्टेत सगळ्यात पुढे आबाच असतात, आणि त्यांना सांगायचं आजीने की मुलाने, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.